पैसे बापाचे, व्हिसा मुलाचा, रिस्क कुणाची? वाचकांचे प्रश्न

अमेरिकेत पैसे गुंतवून ग्रीन कार्ड, म्हणजे ज्याला सगळे ईबी-५ म्हणतात, त्यावर यावेळी इतके मेल आलेत की जवळपास पूर्ण कॉलम त्यालाच गेलाय. सोबत एच-१बी, म्हणजे अमेरिकेत नोकरीला जाण्याचा व्हिसा, त्याच्या नव्या फीचा आणि गोव्याच्या पोर्तुगीज पासपोर्टचा असे प्रश्न घेतलेत, कारण तेही शेवटी धंदा आणि व्हिसा यातलेच आहेत. नावं काढलीत, प्रश्न थोडे छोटे केलेत. एक विनंती, पॅन, पासपोर्ट, बँक स्टेटमेंटच्या कॉप्या मेलवर पाठवू नका, मला उत्तर द्यायला त्या लागत नाहीत आणि कुठल्या हाती पडतील सांगता येत नाही.

प्रश्न, नाशिकहून: ताई नमस्कार. माझं अंबड एमआयडीसीत छोटं युनिट आहे, वय ५८. मुलगा २७ वर्षांचा, टेक्सासमध्ये एच-१बी वर आहे, ग्रीन कार्डची रांग कधी संपेल काही कळत नाही. इथे एका हॉटेलात सेमिनार झाला, त्यात सांगितलं की आठ लाख डॉलर टाका, पाच वर्षांनी सगळे परत, लेखी गॅरंटी, आणि पूर्ण फॅमिलीला ग्रीन कार्ड. मी माझ्या नावाने भरायचं म्हणतोय, मुलगा त्यात आपोआप येईल ना? या महिन्यातच टोकन मागतायत.

उत्तर: दादा, टोकन देऊ नका, आधी हे पूर्ण वाचा.

पहिलं मुलाचं. ईबी-५ मध्ये अर्जदाराबरोबर त्याची बायको किंवा नवरा आणि २१ वर्षांखालची लग्न न झालेली मुलं येतात, बस. तुमचा मुलगा २७ चा आहे, म्हणजे तुम्ही तुमच्या नावाने आठ लाख डॉलर भरले तर ग्रीन कार्ड तुम्हाला आणि वहिनींना मिळेल आणि ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चाललाय तो तसाच एच-१बी वर राहील. सेमिनारमध्ये 'पूर्ण फॅमिली' म्हणताना हे कुणी सांगितलं नाही याचाच मला राग येतोय. अर्ज मुलाच्या नावाने करायचा आणि पैसे तुम्ही त्याला गिफ्ट द्यायचे, हे कायद्याला चालतं, फक्त मग तुमचे पैसे कुठून आले हे तुम्हालाही दाखवावं लागतं.

आणि तुम्हाला स्वतःला खरंच ग्रीन कार्ड हवंय का? ते तिकडे राहण्यासाठी देतात. अंबडचं युनिट इथून चालवायचं आणि वर्षातून एकदा जाऊन यायचं असं जमत नाही, एक वर्षापेक्षा जास्त सलग बाहेर राहिलात तर परत आत जातानाच अडचण येते आणि त्याआधीही एअरपोर्टवर विचारतात की तुम्ही नक्की राहता कुठे. शिवाय ग्रीन कार्ड झालं की जगभरातलं उत्पन्न त्यांच्या टॅक्स रिटर्नमध्ये दाखवायचं, युनिटचा नफा, एफडीचं व्याज, घरभाडं सगळं, आणि भारतातले म्युच्युअल फंड त्यांच्या कायद्यात अशा खान्यात जातात की टॅक्सपण जास्त आणि फॉर्मपण वेगळे. परदेशातल्या खात्यांमध्ये मिळून १० हजार डॉलरच्या वर असतील तर त्याचा रिपोर्ट वेगळा. ५८ व्या वर्षी चालू कारखाना सोडून जायचं नसेल तर हे लोढणं गळ्यात घेऊ नका.

आता गॅरंटी. ईबी-५ च्या नियमात स्पष्ट आहे की पैसा रिस्कमध्ये असला पाहिजे, नफा होऊ शकतो तसं बुडूही शकतो असा. परत मिळण्याची हमी असेल तर अमेरिकेचं इमिग्रेशन खातं, म्हणजे यूएससीआयएस, ती गुंतवणूक मानत नाही, अर्ज त्यावरच नाकारू शकतं. म्हणजे त्यांची गॅरंटी खरी असेल तर ग्रीन कार्ड जातं आणि खोटी असेल तर पैसे. दोन्हीकडून तुम्हीच.

हे पैसे जातात कुठे ते समजून घ्या, कारण सेमिनारमध्ये फक्त बिल्डिंगचे फोटो दाखवतात. कायदा १९९० चा आहे, एका गुंतवणूकदाराच्या पैशातून दहा फुलटाइम नोकऱ्या तयार झाल्या पाहिजेत ही त्याची मूळ अट. मार्च २०२२ मध्ये नवीन कायदा आला, तेव्हापासून ग्रामीण किंवा जास्त बेकारीच्या भागातल्या प्रोजेक्टला ८ लाख डॉलर, बाकी ठिकाणी १० लाख ५० हजार. बहुतेक लोक रिजनल सेंटरमधून जातात, तिथे बऱ्याच गुंतवणूकदारांचे पैसे एका फंडात गोळा होतात, फंड ते हॉटेल किंवा अपार्टमेंट बांधणाऱ्या डेव्हलपरला बहुतेक वेळा कर्जाऊ देतो. डेव्हलपरला हे आवडतं कारण ग्रीन कार्डसाठी आलेला माणूस अगदी नाममात्र व्याजावर खूष असतो, बँकेपेक्षा खूप स्वस्त पैसा मिळतो त्याला. पण त्याच प्रोजेक्टवर बँकेचं कर्ज बहुतेक वेळा असतंच आणि प्रोजेक्ट अडकला तर आधी बँक वसूल करते, तुमचा नंबर नंतर. आठ लाखाच्या वर ॲडमिन फी, वकिलाची फी, सरकारी फी वेगळी, आणि ॲडमिन फी बहुतेक परत येत नाही.

बुडाल्याची उदाहरणं आहेत, लहान नाहीत. व्हरमाँट राज्यात जे पीक नावाचा स्की रिसॉर्ट, तिथे जगभरच्या शेकडो लोकांनी ईबी-५ चे पैसे टाकले होते. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे आपल्या सेबीसारख्या संस्थेने, केस केली की एका प्रोजेक्टचे पैसे दुसऱ्याच्या खड्ड्यात आणि मालकाच्या खिशात गेले. मालक पुढे जेलमध्ये गेला. पण तिथल्या जवळच्या गावात बायोटेक प्रकल्प उभा राहणार होता तो उभाच राहिला नाही, आणि ज्या प्रोजेक्टमध्ये नोकऱ्याच झाल्या नाहीत तिथे ग्रीन कार्डचाही प्रश्न आला, नुसत्या पैशांचा नाही.

या सगळ्यानंतरच २०२२ च्या कायद्यात चांगल्या गोष्टी आल्या, त्या वापरा. भारतात बसून हे विकणाऱ्या एजंटलासुद्धा आता यूएससीआयएसकडे नोंदणी करावी लागते, आय-९५६के नावाचा फॉर्म आहे, आणि त्याला किती कमिशन मिळतंय ते तुम्हाला लेखी सांगणं बंधनकारक आहे. सेमिनारवाल्यांना हे दोन कागद मागा, आणि प्रोजेक्टच्या मंजुरीचा अर्ज, आय-९५६एफ, दाखल झालाय का, मंजूर झालाय का, बँकेचं कर्ज किती आणि तुमचे पैसे त्याच्या मागे कितव्या नंबरवर हे विचारा. ऑफर डॉक्युमेंट दीडशे-दोनशे पानांचं असतं, ते अशा वकिलाकडून वाचून घ्या ज्याची फी तुम्ही देताय, प्रोजेक्टवाला नाही. या प्रश्नांवर कुणी 'विश्वास नाही का' म्हणालं तर तिथून उठा.

प्रश्न, सांगलीहून: मुलगी आणि जावई न्यू जर्सीला असतात, मुलीच्या नावाने ईबी-५ करायचं नक्की झालंय, पैसे आम्ही दोघं देणार. बँकेतला माणूस म्हणतो एका माणसाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात आणि वर वीस टक्के टॅक्स कापणार. मग आठ लाख पूर्ण कसे करायचे? एफडीवर लोन काढून पाठवलं तर?

उत्तर: बँकवाले बरोबर सांगतायत, फक्त अर्धं सांगतायत.

रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेत भारतात राहणाऱ्या प्रत्येकाला एका आर्थिक वर्षात २ लाख ५० हजार डॉलर बाहेर पाठवता येतात. तुम्ही आणि वहिनी दोघं मिळून ५ लाख. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं, त्यामुळे मार्चमध्ये दोघांनी आणि एप्रिलमध्ये परत दोघांनी पाठवलं तर दहा लाखापर्यंत जातं, कायद्यात राहून. मुलगी एनआरआय आहे, तिला थेट गिफ्ट म्हणून पाठवा, पर्पज कोड गिफ्टचा लावा, साध्या कागदावर का होईना पण दोघांचं वेगवेगळं गिफ्ट डीड करा. तुम्ही रुपयात तिच्या एनआरओ खात्यात, म्हणजे एनआरआयच्या भारतातल्या रुपयाच्या खात्यात, टाकले तरी ते याच लिमिटमध्ये मोजतात, ती पळवाट नाही. आणि काका, मामा, भाचा यांच्या नावाने फिरवाफिरवी करू नका, २०२२ च्या कायद्यानंतर गिफ्ट देणाऱ्या प्रत्येकाला स्वतःच्या पैशाचा उगम दाखवावा लागतो, तिथे भाच्याच्या खात्यात आदल्या दिवशी आलेले दोन कोटी लगेच दिसतात.

वीस टक्के म्हणजे टीसीएस. वर्षाला १० लाख रुपयांच्या वर गिफ्ट किंवा गुंतवणुकीसाठी पाठवलं की वरच्या रकमेवर २० टक्के बँक गोळा करते. डॉलर ९० रुपये धरला तर अडीच लाख डॉलर म्हणजे सव्वादोन कोटी, त्यातले दहा लाख सोडून दोन कोटी पंधरा लाखांवर त्रेचाळीस लाख. एका माणसाचे. हा टॅक्स तुमच्या पॅनवर जमा असतो, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, त्यामुळे पैसे जात नाहीत पण महिनोन्महिने अडकतात, आणि धंदेवाल्या माणसाचं वर्किंग कॅपिटल इथेच आवळलं जातं. म्हणून आठ लाख डॉलर हाताशी आहेत म्हणून निघू नका, टीसीएसचे पैसे वेगळे बाजूला आहेत का ते बघा. ॲडव्हान्स टॅक्स भरता ना तुम्ही, मग सीएला सांगून पुढचे हप्ते तेवढे कमी करता येतात, मार्चऐवजी एप्रिलचं रेमिटन्स जास्त ठेवलं तर ते वर्षभर वळतं करायला मिळतं.

लोनचं, नको. परदेशात भांडवल गुंतवायला एलआरएसखाली पैसे पाठवण्यासाठी बँकेने कर्ज द्यायचं नाही असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. पाठवायला एफडी मोडा, लोन काढू नका.

मुलीच्या बाजूने दोन गोष्टी. तिकडे तिचं काय काय आहे ते आधी काढा, कंपनीचे शेअर, बचत, घरावर मिळू शकणारं कर्ज, कारण तिथला पैसा वापरला तर एलआरएस, टीसीएस काहीच नाही. सांगलीत तिच्या नावाने फ्लॅट किंवा वारसाने आलेलं काही असेल तर ते विकून एनआरओ खात्यातून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएचं टॅक्सबद्दलचं प्रमाणपत्र आणि तिचं स्वतःचं डिक्लरेशन भरून. दुसरी गोष्ट, परदेशातल्या आईवडिलांकडून वर्षात एक लाख डॉलरच्या वर गिफ्ट आलं तर तिला तिकडे फॉर्म ३५२० भरावा लागतो. टॅक्स शून्य आहे, पण फॉर्म राहिला तर दंड गिफ्टच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. हे तिच्या तिकडच्या सीपीएला, म्हणजे तिथल्या सीएला, आजच कळवा.

प्रश्न, मुळशी तालुक्यातून: वडिलोपार्जित जमीन विकली. खरेदीखतात जेवढी रक्कम आहे त्याच्या दुपटीहून जास्त प्रत्यक्षात मिळाली, बाकीची रोख. धाकट्या भावाला अमेरिकेत ईबी-५ साठी द्यायचीय. रोख कशी दाखवायची? आणि आमची रिटर्नं फारशी नाहीत, शेतीचंच उत्पन्न.

उत्तर: रोख दाखवता येणार नाही. मी गोल गोल बोलत नाही, कारण या एका मुद्द्यावर आयुष्यभराची जमीन विकलेली माणसं फसतात. यूएससीआयएसला पैशाचा उगम आणि तिथपासून अमेरिकेतल्या खात्यापर्यंतचा रस्ता दोन्ही कागदावर लागतो, मधला एक टप्पा तुटला तर अर्ज पडतो. कुणी म्हणेल इथे रोख द्या तिकडे डॉलर मिळतील, तो हवाला आहे, इथे फेमाची, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याची, केस आणि तिथे भावाच्या अर्जावर कायमचा डाग. आणि जमिनीच्या व्यवहारात २० हजार किंवा वर रोख घेतली तर तेवढ्याच रकमेचा दंड इन्कम टॅक्सच्या कायद्यात आहे, म्हणून आता तुमचा पहिला फोन इमिग्रेशन वकिलाला नको, चांगल्या सीएला करा.

जे खरेदीखतात आहे आणि बँकेतून आलंय ते मात्र उत्तम पैसे आहेत, घाबरू नका. सातबारा, जुने फेरफार, वारसनोंद, वाटणीपत्र असेल तर ते, खरेदीखत, इंडेक्स टू, चेक किंवा आरटीजीएसची बँकेतली एन्ट्री, हे ओळीने लावायचं आणि इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं. आजोबांच्या नावावरून वडिलांच्या, तिथून तुमच्या नावावर कसं आलं ते फेरफारातून दिसलं पाहिजे. बहिणींची हक्कसोडपत्रं राहिली असतील तर तीही जोडा.

रिटर्नचं म्हणाल तर ते सात वर्षांची मागतात. शेतीचं उत्पन्न आपल्याकडे करमुक्त, गावाकडची शेतजमीन महापालिकेपासून ठराविक अंतराबाहेर असेल तर विक्रीवरही कॅपिटल गेन लागत नाही, त्यामुळे रिटर्नवर आकडा छोटा आणि बँकेत मोठा असं चित्र दिसतं आणि तिकडच्या ऑफिसरला ते संशयास्पद वाटतं. त्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याला आपला कायदा समजावून सांगणं तुमच्या वकिलाचं काम. सीएचं पत्र घ्या कोणत्या कलमाने कर नाही ते लिहिलेलं. कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, पाण्याचे दाखले, जे जे बँकेशी जुळतं ते सगळं काढा. शेतकऱ्याचा पैसा स्वच्छ असतो पण त्याच्याकडे कागद नसतो, आणि या कायद्यात कागद नसलेला पैसा धरतच नाहीत, मला हा या सगळ्यातला सगळ्यात अन्यायाचा भाग वाटतो.

प्रश्न, पुणे, बाणेरहून: आमची ६० लोकांची सॉफ्टवेअर कंपनी आहे, तीन अमेरिकन क्लायंट. दरवर्षी एकदोन माणसं एच-१बी वर पाठवायचो. आता एक लाख डॉलर फी म्हणजे आमचं संपलंच का? तोपर्यंत बिझनेस व्हिसावर पाठवलं तर चालेल का?

उत्तर: शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते. नाही चालणार. बी-१ हा मीटिंग, वाटाघाटी, कॉन्फरन्स यासाठी आहे, क्लायंटच्या ऑफिसात बसून कोड लिहायला नाही. इन्फोसिसवर याच मुद्द्यावरून चौकशी झाली आणि २०१३ मध्ये कंपनीने ३ कोटी ४० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आरोप कंपनीने मान्य केले नव्हते पण पैसे गेलेच. ६० लोकांच्या कंपनीला असं काही झालं तर उभं राहता येत नाही, आणि ज्या मुलाला तुम्ही पाठवलं त्याचा व्हिसा आयुष्यभरासाठी अवघड होतो ते वेगळंच.

फीचं नीट समजून घ्या. ती अध्यक्षांच्या घोषणेने आली, २१ सप्टेंबर २०२५ पासून, सुरुवातीला एक वर्षासाठी. अमेरिकेबाहेर असलेल्या माणसासाठी नवीन अर्ज करायचा तर ती लागते. ज्याच्याकडे आधीच एच-१बी आहे त्याच्या रिन्युअलला नाही, आणि तिथेच स्टुडंट व्हिसावर असलेल्या मुलाने तिथल्या तिथे एच-१बी वर बदल करून घेतला तरी सहसा नाही. म्हणजे तुमच्यासारख्या कंपनीला तिकडे माणूस हवाच असेल तर तिथे मास्टर्स केलेला मुलगा घेणं हा एक रस्ता राहतो. पुण्यातून माणूस नेणं मात्र, एक लाख डॉलर म्हणजे नव्वद लाख रुपये, तेवढ्यात इथे चारपाच अनुभवी लोकांचा वर्षाचा पगार निघतो, तीन क्लायंटच्या कंपनीला ते गणित बसत नाही. मोठ्या कंपन्यांनी तिकडे लोकल भरती केव्हाच वाढवलीय, फटका मधल्या आणि छोट्यांनाच बसतो, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही.

तुमच्यासाठी एल-१ बघा, म्हणजे कंपनीने स्वतःच्याच माणसाला तिकडच्या ऑफिसात नेण्याचा व्हिसा. त्याला ही फी नाही, एच-१बी सारखी लॉटरीपण नाही. तुमच्या कंपनीची अमेरिकेत सबसिडियरी काढायची, माणसाने मागच्या तीन वर्षांत सलग एक वर्ष तुमच्याकडे भारतात काम केलेलं हवं, मॅनेजर असेल तर एल-१ए, खास तुमच्या प्रॉडक्टचं ज्ञान असलेला असेल तर एल-१बी. नवीन ऑफिस असेल तर पहिला व्हिसा एकच वर्षाचा देतात आणि वर्षाने बघतात की खरंच धंदा उभा राहिला का, भाड्याची खरी जागा, पगारावर माणसं, बिलं. घरगुती पत्त्यावर कंपनी टाकून मालकाने जायचं आणि तिथे एकट्यानेच सगळं करायचं, असे अर्ज दुसऱ्या वर्षी पडतात. एल-१ए जास्तीत जास्त सात वर्षं, एल-१बी पाच. आणि अजून एक, एल-१बी वर नेलेला माणूस क्लायंटच्या जागेवर त्यांच्या हाताखाली बसवता येत नाही, २००४ च्या कायद्याने ते बंद केलंय, म्हणून बॉडी शॉपिंगला एल-१ चा उपयोग नाही. स्वतःचं प्रॉडक्ट किंवा स्वतःची डिलिव्हरी असेल तरच.

सबसिडियरीला पैसे पाठवणं मालकाच्या एलआरएसमधून करू नका, कंपनीतून करा, ओव्हरसीज इन्व्हेस्टमेंटच्या २०२२ च्या नियमांनी नेटवर्थच्या चारपटीपर्यंत परवानगीशिवाय जातं, बँकेत फॉर्म एफसी भरायचा आणि मग दरवर्षी ३१ डिसेंबरच्या आत एपीआर, म्हणजे तिकडच्या कंपनीचा वार्षिक अहवाल, द्यायचा. हा एपीआर लोक विसरतात आणि दोन वर्षांनी पुढचे पैसे पाठवायला गेले की बँक अडवते.

आणि क्लायंटशी बोला. बरंच काम इथूनच होऊ शकतं हे ते आता ऐकायच्या मनःस्थितीत आहेत, कारण ती एक लाखाची फी शेवटी त्यांच्याच बिलात जाणार हे त्यांनाही दिसतंय.

प्रश्न, कोल्हापूरहून: मेहुणे म्हणतात ईबी-५ नको, ई-२ व्हिसा घे, दोन लाख डॉलरमध्ये मोटेल किंवा रेस्टॉरंट घे आणि चालव. भारतीयांना मिळत नाही पण ग्रेनडाचा पासपोर्ट विकत घेऊन मिळतो म्हणे.

उत्तर: मिळायचा. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने कायदा बदलला, पैसे देऊन नागरिकत्व घेतलेल्याला आता आधी त्या देशात सलग तीन वर्षं खरंच वास्तव्य केलेलं असावं लागतं. म्हणजे कोल्हापूर सोडायचं, भारतीय नागरिकत्व सोडायचं कारण आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, तीन वर्षं ग्रेनडात काढायची आणि मग जो मिळेल तो ग्रीन कार्ड नसलेला व्हिसा. मेहुण्यांना जुनी माहिती आहे.

प्रश्न, म्हापशाहून: आजोबा १९६१ आधी गोव्यात जन्मलेले. घरचे पोर्तुगीज पासपोर्ट करूया म्हणतात. माझं गेस्टहाउस आहे, थोडी शेतजमीन आहे. त्याचं काय होईल? आणि त्या पासपोर्टवर इंग्लंडला जाता येतं का?

उत्तर: इंग्लंडचं दार ब्रेक्झिटनंतर, ३१ डिसेंबर २०२० ला बंद झालं. आता पोर्तुगीज पासपोर्टवर तिथे राहायला आणि कामाला बाकी सगळ्यांसारखाच व्हिसा लागतो. युरोपियन युनियनमधले देश मात्र खुले आहेत.

पण मघाच्या कोल्हापूरच्या प्रश्नाशी तुमचा संबंध आहे, बघा. ज्या डिसेंबर २०२२ च्या कायद्याने ग्रेनडाचा रस्ता आवळला त्याच कायद्याने पोर्तुगालच्या नागरिकांना अमेरिकेचा ई-१ (व्यापारासाठीचा) आणि ई-२ खुला केला. तीन वर्षं वास्तव्याची अट पैसे देऊन नागरिकत्व घेणाऱ्यांना आहे, वंशाने मिळालेल्याला नाही. म्हणजे गेस्टहाउस चालवायचा अनुभव असलेला गोंयकार स्वतःचे पैसे घालून अमेरिकेत छोटा हॉटेल व्यवसाय घेऊन ई-२ साठी अर्ज करू शकतो. किमान रक्कम कायद्यात लिहिलेली नाही, धंद्याच्या मानाने भरीव हवी, मालकी निम्मी तरी हवी आणि धंदा चालता हवा, नुसतं घर घेऊन भाड्याने दिलं तर नाही. धंदा चालू आहे तोवर व्हिसा वाढत राहतो, बायको किंवा नवऱ्याला काम करता येतं, मुलांना २१ पर्यंतच राहता येतं. ग्रीन कार्ड मात्र यातून होत नाही.

किंमत इथे मोजावी लागते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपतं, पासपोर्ट जमा करायचा, मग ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड, घ्यायचं. आहे ती शेतजमीन आणि वारसाने येणारी ठेवता येते, पण नवीन शेतजमीन, फार्महाउस, बागायत विकत घेता येत नाही. गेस्टहाउस चालवता येईल, तरी त्याच्या प्रत्येक लायसन्सवर भारतीय नागरिक असण्याची अट आहे का ते एकेक करून बघा. मतदान नाही, पंचायतीला उभं राहणं नाही. आणि पासपोर्ट जमा न करता दोन्ही वापरणं हा गुन्हा आहे, गोव्यात कितीही जण करतात असं ऐकलं तरी.

प्रश्न, पिंपरीहून: ट्रम्पचं गोल्ड कार्ड ईबी-५ पेक्षा सोपं ना? दहा लाख डॉलर दिले की झालं.

उत्तर: ते दहा लाख गुंतवणूक नाहीत, अमेरिकन सरकारला दिलेली भेट आहे, परत येत नाहीत. आणि व्हिसा ईबी-१ किंवा ईबी-२, म्हणजे नोकरी-कौशल्यावरच्या ग्रीन कार्डच्याच, कोट्यातून येतो, तिथे भारतीयांची रांग आहेच. शिवाय ते सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशावर उभं आहे, संसदेच्या कायद्यावर नाही. मी माझ्या ओळखीतल्या कुणालाही हे सुचवणार नाही.

प्रश्न, एडिसन, न्यू जर्सीहून: आम्ही दोघं एच-१बी, ईबी-२ च्या रांगेत बरीच वर्षं आहोत. मुलगी १७ ची, पुण्यात जन्मलेली. २१ झाली की ती आमच्यातून बाहेर पडते या विचाराने झोप लागत नाही. ईबी-५ ने खरंच वाचते का ती?

उत्तर: वाचू शकते, आणि सगळ्या प्रश्नांत तुमच्यासारख्यांसाठीच मला ईबी-५ चा अर्थ पटतो. ईबी-५ ला वर्षाला साधारण दहा हजार व्हिसा, त्यात कुटुंबं धरून, आणि एका देशाला साधारण सात टक्के, म्हणून भारताची जुनी रांग झाली. पण २०२२ च्या कायद्याने २० टक्के व्हिसा ग्रामीण प्रोजेक्टला, १० टक्के जास्त बेकारीच्या भागाला आणि २ टक्के पायाभूत कामांना राखून ठेवलेत. त्या राखीव गटात व्हिसा उपलब्ध असेल तर तुम्ही अमेरिकेत राहूनच गुंतवणुकीचा अर्ज आय-५२६ई आणि ग्रीन कार्डचा आय-४८५ एकत्र भरू शकता, मग काम आणि प्रवासाची परवानगी आधी हातात येते आणि एच-१बी वरची नोकरी गेली तरी लगेच निघावं लागत नाही. दर महिन्याचं व्हिसा बुलेटिन येतं त्यात राखीव गटासमोर भारतासाठी 'सी' (म्हणजे रांग नाही) आहे का तारीख आहे ते बघत राहा, तारीख लागली की हा फायदा जातो.

वयाचं असं की, आय-५२६ई जितके दिवस प्रलंबित राहतो तितके दिवस मुलीच्या वयातून वजा होतात. व्हिसा पूर्ण वेळ उपलब्ध राहिला तर तिचं वय जवळजवळ अर्जाच्या दिवशीच थांबतं. मंजुरीनंतर रांग लागली तर ते परत वाढायला लागतं. म्हणून १७ व्या वर्षी केलेला अर्ज आणि साडेवीसव्या वर्षी केलेला अर्ज यात फार फरक आहे. आणखी एक तारीख, ३० सप्टेंबर २०२६. तोपर्यंत दाखल झालेल्या रिजनल सेंटरच्या अर्जांना कायद्याने संरक्षण आहे, पुढे संसदेने योजना वाढवली नाही तरी ते चालू राहतात. योजना स्वतः ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत आहे. या तारखेच्या नावाने तुम्हाला घाई करणारे फोन येतील, प्रोजेक्ट तपासायला दोन महिने लागले तरी ते द्या, पण आत्तापासून.

पैशांची जुळवाजुळव चालू असताना एक काम करून टाका, तिचा जन्मदाखला काढून बघा. महापालिकेच्या जुन्या दाखल्यात बाळाचं नाव बरेचदा रिकामं असतं किंवा आईचं नाव पासपोर्टशी जुळत नाही, ते दुरुस्त करून नवीन दाखला घ्यायला पुण्यातून नातेवाइकाला चकरा मारायला लागतात आणि अर्ज भरायच्या आठवड्यात ते होत नाही.